चवदार तळ्याचा दावा आणि बॅरिस्टर आंबेडकर

महाडच्या दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात १२ डिसेंबर १९२७ रोजी एक दिवाणी दावा दाखल झाला. वादी होते नरहरी दामोदर वैद्य व गावातील काही गृहस्थ; पहिले प्रतिवादी होते भीमराव रामजी आंबेडकर. गावालगतचे चवदार तळे सवर्ण हिंदूंच्या मालकीचे असून त्याचे पाणी वापरण्याचा अधिकार त्यांनाच आहे, असे कोर्टाने जाहीर करावे आणि अस्पृश्यांना तेथे येण्यास मनाई करावी, अशी मागणी दाव्यात होती. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. या दाव्याचा अखेरचा निकाल लागण्यास नऊ वर्षे आणि तीन महिने लागले.

महाडचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. ओंजळीने पाणी पिणाऱ्या आंबेडकरांचे चित्र शाळेच्या भिंतीपासून गावच्या चौकापर्यंत सर्वत्र दिसते. त्या ओंजळीमागून आलेला हा दावा मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. मोर्चे, परिषदा, निवडणुका आणि विलायतेच्या वाऱ्या चालू असताना तारखांमागून तारखा पडत राहिल्या, आणि एका वकिलाने मालकी, ताबा, वहिवाट आणि पुरावा या रूक्ष शब्दांशी दीर्घकाळ झुंज दिली. बाबासाहेबांच्या आयुष्यातील हा भाग समजून घ्यायचा तर त्यांच्या वकिलीपासून आणि त्याहीआधी त्यांच्या डोक्यावरील छपरापासून सुरुवात करावी लागते.

१९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्यास गेले, तेव्हा त्यांच्यापाशी कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण होते, लंडनमधील अर्धवट राहिलेला अभ्यास होता आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात नोकरीचे आश्वासन होते. राहण्यास जागा मात्र नव्हती. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश मिळणार नाही हे त्यांना माहीत होते. जात लपवून तेथे शिरणे त्यांना धोक्याचे वाटले. एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने पैशांच्या गरजेपोटी मार्ग काढला आणि नोंदवहीत एक पारशी नाव लिहून नव्या अधिकाऱ्याला वरच्या मजल्यावरील ओसाड खोली दिली. दिवसा दरबारची कचेरी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात वाचन, असे दिवस जेमतेम दहा गेले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्याची ताकीद देऊन ते गेले.

त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. त्यांतला एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण पुढे केली. रात्रीची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठीबागेत बसून काढला. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवला आहे. त्यात त्रागा कमी आणि तपशील जास्त आहे, जणू एखादी साक्ष नोंदवावी तसा. खोलीचे भाडे, दिवसांची मोजदाद, आलेल्या माणसांची संख्या, दिलेली मुदत, सारे त्यात आहे. ज्याला पुढे आयुष्यभर पुराव्याचे काम करायचे होते, त्याच्या हाती पहिला पुरावा आला तो स्वतःच्याच बेदखलीचा.

मुंबईत घर होते, पण ते परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाटी उघडी पाडली. त्यानंतर सरकारने १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन केला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे आणि कामगारांसाठी चाळी बांधायच्या, हे त्याचे काम होते. अशा एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत आंबेडकर कुटुंब राहत असे. सामाईक नळ, सामाईक संडास, गॅलरीतून सतत चालणारी ये-जा, गिरणीचे भोंगे अशा त्या वातावरणात कोलंबियाचा पदवीधर आणि पुढे लंडनचा डी.एस्सी. आपली पुस्तके रचून बसे. जवळजवळ दोन दशके हाच त्यांचा पत्ता होता. आज ज्याला घरांचा प्रश्न म्हणतात, तो त्यांनी अहवालांतून वाचण्याआधी राहून पाहिलेला होता.

ग्रेज इनमधून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईस परतले. सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. ते नवल भथेना या पारशी मित्राने दिले. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशीच होते आणि मुंबईत पैसे घेऊन आलेला मित्रही पारशीच. हा योगायोग सोडून दिला तरी चालेल, परंतु माणसांना जातीवरून एका गठ्ठ्यात बांधणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

१९२३ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली. येथे त्या काळच्या हायकोर्टाची एक रीत समजून घेतली पाहिजे. हायकोर्टाच्या दोन बाजू होत्या. मुंबई शहरातील मोठे दावे मूळ शाखेत चालत, आणि तेथे बॅरिस्टरला अशिलाकडून परभारे काम घेता येत नसे. अशील सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर कागदपत्रे तयार करी आणि आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरकडे खटला सोपवी. बंगल्यांचे, चाळींचे, जमिनींचे, भाडेपट्ट्यांचे आणि वारसाहक्काचे पैशाचे काम बहुतांशी याच वाटेने जात असे. सॉलिसिटरांच्या पेढ्या प्रामुख्याने युरोपियन, पारशी आणि गुजराती मंडळींच्या हाती होत्या. एका महार बॅरिस्टरकडे खटला पाठवण्यास, किंबहुना त्याच्याशी व्यावसायिक संबंध ठेवण्यासही, त्यांतले फारसे कोणी तयार नव्हते. म्हणजे सनद मिळाली, कोर्टाचे दार उघडे होते, पण दारापर्यंत जाणारा जिना दुसऱ्याच्या मालकीचा होता.

उरली ती अपील शाखा आणि ठाणे, पुणे यांसारखी जिल्ह्याची कोर्टे. आंबेडकर त्या वाटेने गेले. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी होती. तेथेच २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कामही चाले. सभेचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते. चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर होते. अशील म्हणून येणारे बहुतेक जण गरीब असत. फी किती मिळेल याचा भरवसा नसे. उत्पन्नाची भर म्हणून त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढे सरकारी विधी महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये प्राचार्य. पुण्यातील जेधे-जवळकर यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १९२६ साली त्यांनी बचाव केला व आरोपींना सोडवले. त्यामुळे वकील म्हणून नाव झाले. पैसा मात्र बेताचाच राहिला.

महाडकडे वळायचे ते याच काळात.

मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सांभाळलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कोर्टे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांस खुले केले. ठराव कागदावर राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा परिषदेसाठी पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. चार-पाच एकरांचे तळे हाकेच्या अंतरावर भरलेले होते आणि पाणी विकत आणले जात होते. २० मार्चला परिषद उठली आणि लोक रांगेने तळ्याकडे गेले. आंबेडकरांनी पाणी प्यायले, मग इतरांनी. त्यानंतर अस्पृश्य लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, मंडपावर हल्ला झाला आणि परगावाहून आलेल्या माणसांची डोकी फुटली. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध करून घेण्यात आले.

४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा ठराव मागे घेतला. आंबेडकरांनी २५ डिसेंबरपासून पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. विरोधकांनी या वेळी काठ्यांऐवजी कोर्टाचा आधार घेतला, आणि चाल म्हणून ती हुशारीची होती. नगरपालिकेशी वाद असेल तर सरकारचा आदेश आंबेडकरांच्या बाजूने होता. वाद दोन खाजगी पक्षांतला आहे, तळे खाजगी आहे, असे एकदा दाखवता आले की सरकारच्या आदेशाला तेथे जागाच उरत नव्हती. अस्पृश्यतेचा प्रश्न अशा रीतीने शेतबांधाच्या किंवा घराच्या सामाईक भिंतीच्या तंट्यासारखा एक दिवाणी दावा होऊन बसला.

डिसेंबरच्या परिषदेला गावात जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली आणि तेथे मंडप पडला. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दुसऱ्या दिवशी प्रश्न उरला तो मनाई हुकुमाचा. हजारो माणसे जिवावर उदार होऊन आलेली, तुरुंगात जाण्यासाठी नावे नोंदवलेली. जिल्हाधिकाऱ्याने मंडपात येऊन कोर्टाचा हुकूम पाळण्याची विनंती केली. मोठी चर्चा झाली. शेवटी आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब केला. लोक मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून गेले, पाण्याला कोणी हात लावला नाही.

या माघारीवर तेव्हाही टीका झाली आणि पुढेही होत राहिली. ती अगदी निराधार म्हणता येत नाही. लढण्यासाठी आलेल्या माणसाला परत पाठवणे सोपे नसते, आणि त्यातून निराशा येते ती कायद्याच्या युक्तिवादाने भरून निघत नाही. मात्र वकिलाच्या नजरेने पाहिले तर निर्णय समजतो. हुकूम मोडला असता तर मूळ प्रश्न बाजूला पडून कोर्टाची बेअदबी हाच विषय झाला असता. सरकारलाही विरोधकांच्या बाजूने उभे राहावे लागले असते. हुकूम पाळला, तर वादींना आपली मालकी सिद्ध करून दाखवणे भाग होते. सिद्ध करण्याचा बोजा मागणाऱ्यावर असतो, आणि या प्रकरणात मागणारे दुसरे होते.

मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. मूळ दावा चालत राहिला.

दाव्यात वादींचे दोन मुद्दे होते. पहिला मालकीचा. तळ्याभोवती नगरपालिकेचे रस्ते होते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे, आणि त्यांतल्या अनेक घरमालकांकडे तळ्याच्या काठच्या जमिनीच्या पट्ट्या, पायऱ्यांचे घाट, बांधीव कठडे यांचा ताबा होता. घाट ज्याचा, काठ ज्याचा, त्याचेच पाणी, असा तर्क. सकृद्दर्शनी तो गावातल्या कोणालाही पटावा असा होता. तळे कोणी खणले, कधी खणले, याचा कागद कोणापाशीच नव्हता. परंतु काठाच्या पट्टीची मालकी आणि तळ्याची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परसाच्या बांधाला नदी लागते म्हणून नदी कोणाची होत नाही. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने निकाल दिला, त्यात तळे जिल्हा नगरपालिका कायद्यानुसार नगरपालिकेच्या ठायी निहित असलेली सार्वजनिक मालमत्ता ठरली. खाजगी मालकीचा दावा तेथेच ढासळला.

दुसरा मुद्दा अधिक चिवट होता. मालकी नसली तरी वहिवाट आहे, पूर्वापार फक्त सवर्णच हे पाणी वापरीत आले आहेत, आणि दीर्घ वहिवाटीतून हक्क निर्माण होतो, असे वादींचे म्हणणे होते. वहिवाट हा शब्द गोव्याच्या वाचकाला नवा नाही. बागायतीतून जाणारी पायवाट, शेजाऱ्याच्या विहिरीवरचे पाणी, देवळाच्या आवारातला मान अशा कितीतरी तंट्यांत हाच शब्द निकालाचा आधार होतो. अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर पाणी भरताना कोणी पाहिला नव्हता, हे खरेच होते. महाडच्या न्यायाधीशांनी तशी चालत आलेली रूढी मान्यही केली. पण सार्वजनिक तळ्याचा एका वर्गाने वापर केला आणि दुसऱ्याने केला नाही, एवढ्यावरून पहिल्या वर्गाला दुसऱ्याला अडवण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही, असे त्यांनी ठरवले. ठाण्याच्या कोर्टात अपील झाले. ते ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. वादी हायकोर्टात गेले.

या वर्षांत प्रतिवादी क्रमांक एक कोठे कोठे होते, हे पाहिले तर थक्क व्हायला होते. १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, त्याच वर्षाच्या अखेरीपासून लंडनच्या गोलमेज परिषदा, १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी झालेला पुणे करार. १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले असता किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुतल्याबद्दल त्यांना शिव्या खाव्या लागल्या. हे मराठवाड्यापासून गुलबर्ग्याकडील आळंद, मादन हिप्परगा या सीमाभागापर्यंत पसरलेल्या निजामाच्या राज्यात घडले, आणि अडवणारे मुसलमान होते. राज्य बदलले, धर्म बदलला, पाण्याची अट तीच राहिली. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. महाडच्या दाव्याचे कागद या साऱ्याच्या तळाशी कोठेतरी जिवंत होते.

१७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने दुसरे अपील फेटाळले. खंडपीठावर न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया होते. हे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत जिल्हा न्यायाधीश म्हणून महात्मा गांधींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा दिली होती. महाडच्या निकालाला त्या दिवशी पंधरा वर्षे पुरी होण्यास एक दिवस कमी होता.

निकालातील विचार बारकाईने पाहण्यासारखा आहे. रूढीला कायद्याचे बळ यायचे तर ती स्मरणातीत काळापासून चालत आलेली असावी लागते. वादींचा पुरावा नगरपालिका आल्यानंतरच्या काळाचा होता. त्याआधी अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता असे दाखवणारे काही नव्हते. अलीकडच्या काळातील वागणुकीवरून प्राचीन काळाचा निष्कर्ष काढावा, हे न्यायमूर्तींना या प्रकरणात पटले नाही. देवळातील लहान कुंडाची गोष्ट वेगळी आणि उघड्यावरच्या विस्तीर्ण तळ्याची वेगळी. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहीपर्यंत त्याच्या पाण्यावर एकट्याचा हक्क सांगण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, याविषयी त्यांनी शंका व्यक्त केली.

साऱ्या खटल्याची गुरुकिल्ली या शेवटच्या वाक्यात आहे. घरे आधी आली, हक्क मागाहून बोलू लागला. ज्यांना तळ्याकाठी घर बांधता आले त्यांनी घाट बांधले; घाट बांधले म्हणून पाणी आपले म्हटले; पाणी आपले म्हणून इतरांना अडवले; आणि इतर आले नाहीत म्हणून ती रूढी झाली असे कोर्टात सांगितले. महारवाडा गावाबाहेर का, हा प्रश्न या साखळीत कोणी विचारलाच नव्हता. माणसाला कोठे राहू दिले जाते यावर त्याने कोणते पाणी वापरले हे ठरते, आणि न वापरलेल्या पाण्याचाच पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा होतो. बडोद्याच्या धर्मशाळेतून बाहेर काढल्या गेलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हायकोर्टाने अस्पृश्यता अन्याय्य आहे असे काही जाहीर केले नाही, हेही नमूद केले पाहिजे. निकाल पुराव्यावर लागला. समजा एखाद्याने शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचा चोख कागद आणला असता, तर काय झाले असते? हा प्रश्न आंबेडकरांच्या डोळ्यांआड राहिला असेल असे वाटत नाही. दावा जिंकला तरी कायद्यात रूढीसाठी ठेवलेली ती जागा तशीच शिल्लक होती. कोर्टात तिचा अर्थ लावता येतो, ती बुजवता येते ती विधिमंडळात.

त्याच वर्षी ते मुंबई विधानसभेत निवडून आले होते. १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. हायकोर्टाच्या निकालानंतर बरोबर सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातील रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला सारा गोळा करणारा इसम. व्यवहारात तो गावाचा धनीच असे. कुळाला पिकाचा मोठा हिस्सा द्यावा लागे, वेठ करावी लागे, आणि ज्याच्या जमिनीवर झोपडी त्याच्यापुढे मान वर करण्याची सोय नसे. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी शेते न कसण्याचा संप चालवला होता. तो सहा वर्षे टिकला, आणि आंबेडकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्यांत कुणबी होते, आगरी होते, महार होते.

गोव्यात भाटकार आणि मुंडकार यांचे जे नाते होते, त्याची आठवण येथे होणे साहजिक आहे. मुंडकाराचे घर भाटकाराच्या भाटात. भाटकाराची मर्जी फिरली की घर उठले. गोवा, दमण आणि दीवचा मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. त्याने राहत्या घरातून हुसकावण्यास आळा घातला आणि ते घर विकत घेण्याचा अधिकार दिला. तोवर कोकणच्या उत्तर टोकाला खोती जाऊनही पाव शतक होऊन गेले होते. आंबेडकरांचे विधेयक मात्र संमत झाले नाही. काँग्रेसचे बहुमत असलेल्या सभागृहात ते अडकून पडले. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली, तेव्हा ते दिल्लीत कायदामंत्री होते.

स्वतःचे घर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत बांधले आणि त्याला राजगृह असे मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव दिले. चाळीतल्या दोन खोल्यांत मावेनाशी झालेली पुस्तके हेच त्या बांधकामाचे खरे कारण होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी दाखवले आहे. घराच्या रचनेत माणसांपेक्षा ग्रंथांची सोय अधिक पाहिलेली दिसते. रमाबाईंना या घरात फार दिवस लाभले नाहीत. चाळीतून निघून नव्या घरात आल्यावर वर्ष-दीड वर्षातच त्या गेल्या. त्यांच्या हयातीतील जवळजवळ सारा संसार सामाईक नळावरच झाला होता.

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद आंबेडकरांकडे आले तेव्हा महाडचा निकाल लागून दहा वर्षे झाली होती. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदातील दुसरे कलम महाडची आणि बडोद्याची हकीकत ठाऊक असलेल्याने एकदा सावकाश वाचावे. त्यात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा उल्लेख आहे. विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा आहे. सरकारी पैशाने पूर्णतः वा अंशतः सांभाळलेली किंवा सर्वसाधारण जनतेसाठी खुली केलेली अशी ठिकाणे वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. घटना ही अनेकांच्या हातांनी घडलेली वस्तू आहे आणि तिचे प्रत्येक वाक्य एकाच माणसाच्या नावावर लावणे योग्य नाही. तरीही एवढ्या मोठ्या देशाच्या मूलभूत कायद्यात स्नानाच्या घाटांना स्वतंत्र जागा मिळावी, याचे आश्चर्य महाडच्या दाव्याचे कागद पाहिलेल्यास वाटणार नाही. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच रद्द केली, आणि तेराव्याने मूलभूत हक्कांशी विसंगत असलेल्या जुन्या रूढींचे कायदेशीर बळ काढून घेतले. स्मरणातीत काळाचा कागद आता कोणी आणला असता तरी तो कोर्टात उपयोगी पडला नसता. एकोणिसाव्याने देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले. प्रत्यक्षात जात विचारून खोली नाकारणारे घरमालक आजही भेटतात, ही गोष्ट वेगळी. त्यांच्याविरुद्ध सार्वजनिक तळ्याचा न्याय लावणे अजूनही सोपे नाही, कारण घर खाजगी असते.

१९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर सरकारी बंगला सुटला. दिल्लीत अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या बंगल्यात ते राहू लागले. तो बंगला सिरोहीच्या महाराजांचा होता. तेथेच ६ डिसेंबर १९५६ रोजी झोपेत त्यांचे निधन झाले. त्याच रात्री विमानाने त्यांचा देह मुंबईस आणण्यात आला. सांताक्रूझपासून दादरपर्यंत लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. पहाटेच्या सुमारास देह राजगृहात पोहोचला आणि ७ डिसेंबरला दुपारी तेथून दादरच्या चौपाटीकडे निघाला.